घरातली हवा बदलणारं मशीन: दीड वर्ष वापरल्यानंतरचा हिशोब

हे मशीन मी घेतलं ते फक्त झोपेसाठी. बेडरूमची खिडकी रस्त्यावर, गाड्यांचा आवाज आणि धूळ, त्यामुळे रात्री सगळं बंद करून एसी लावून झोपायचं आणि सकाळी उठलं की डोकं जड. बायको म्हणायची मोबाईल कमी बघ, मला वाटायचं उशी बदलावी. शेवटी एक कार्बन डायऑक्साइड मीटर आणून उशाशी ठेवला. झोपताना ७०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७०० भाग) आणि पहाटे पाचला २३००! बाहेरच्या हवेत साधारण ४२० असतो आणि घरात १००० च्या आत असला तर बरं असं धरतात. म्हणजे आम्ही दोघं रात्रभर एकमेकांचीच उष्टी हवा घेत होतो, कारण साधा स्प्लिट एसी बाहेरून हवा आणतच नाही, आतलीच फिरवून थंड करतो. (मीटर घेताना एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने थेट हाच वायू मोजणाऱ्या सेन्सरवालाच घ्या, अगदी स्वस्तातले बरेच मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज ठोकतात.)

आधी स्वस्तातला उपाय केला, बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन रात्रभर चालू. आकडा १२०० च्या आसपास आला, म्हणजे निम्म्याहून जास्त काम तिथेच झालं की! पण फॅन हवा बाहेर टाकतो तेवढीच हवा कुठूनतरी आत येणार, आणि ती आली खिडकीच्या फटींतून, गरम, दमट, धुळीसकट, वर एसी बिचारा तीच थंड करत बसला. आणि तो घरघर आवाज.

मग घेतलं उष्णता परत मिळवणारं मशीन. आत दोन फॅन आणि मधे एक कोअर, जाणारी हवा आणि येणारी हवा एकमेकींत न मिसळता शेजारून जातात आणि जाणारी आपला गारवा (थंडीत असेल तर ऊब) येणारीला देऊन जाते. यात दोन जाती आहेत, एचआरव्ही फक्त उष्णतेची देवाणघेवाण करतं, ईआरव्ही ओलाव्याचीही. दमट हवा असेल तर ईआरव्ही बघा, आम्ही तेच घेतलं. पण माझी समजूत होती की याने घर कोरडं होईल, तसं अजिबात नाही, बाहेरचा दमटपणा आत येताना थोडा कमी येतो इतकंच, घर कोरडं करायचं काम एसीचंच.

साइजवरून माझं आणि विक्रेत्याचं बरंच वाजलं. हिशोब म्हणून दर चौरस मीटरला ०.१५ लिटर प्रति सेकंद, वर बेडरूमच्या संख्येत एक मिळवून प्रत्येकी ३.५ लिटर, असा अमेरिकेतल्या अॅशरे या इंजिनिअरांच्या संस्थेचा नियम आहे. १०० चौरस मीटर आणि दोन बेडरूम धरले तर २५.५ लिटर, म्हणजे तासाला ९२ घनमीटरच्या आसपास. मी म्हणत होतो १०० वालं बास, तो म्हणत होता २०० चं घ्या आणि निम्म्या स्पीडवर चालवा. मला वाटलं गळ्यात मारतोय, पण माणूस बरोबर होता. फॅनचा स्पीड निम्मा केला की वीज निम्मी नाही, हिशोबाने आठव्या भागावर येते (प्रत्यक्षात इतकी नाही, पण बरीच), आणि आवाज तर पारच कमी होतो. आमचं मशीन कमी स्पीडवर २२ वॅट खातं, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटच्या जरा वर. वीजबिलाची भीती घालतात ती ईसी मोटर (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलची, कमी वीज खाणारी) असेल तर विसरा.

खरा घोळ डक्टचा, म्हणजे हवा नेणाऱ्या पाइपांचा. पहिल्या इन्स्टॉलरने फॉल्स सीलिंगवर जागा कमी म्हणून लवचिक डक्ट कोंबून बसवला, चुण्या पडलेला, वळणावर दबलेला. रात्री उशाशी घों घों. चौथ्या दिवसापासून आम्ही झोपताना मशीन बंद करायला लागलो आणि मीटर पुन्हा २००० वर, म्हणजे इतके पैसे घालून होतो तिथेच. मशीन बाथरूममधून हवा ओढतं त्या जाळीला टिश्यू पेपरचा तुकडा लावून बघितला तर चिकटायच्या ऐवजी सरळ खाली पडला, ओढच नाही. मग दुसऱ्या माणसाकडून वळणांना पत्र्याचा डक्ट घातला, उरलेला ताणून घेतला आणि बेडरूमच्या लाइनमध्ये सायलेन्सर टाकला. हा खर्च जिवावर आला, पण खरं सुख मिळालं ते इथे. आता चालू आहे का ते बघायला जाळीपाशी हात न्यावा लागतो.

मशीनबरोबर घेतलेल्या ॲपचे पैसे मात्र वाया. दीड वर्षात तीनदा उघडलं असेल. त्याचा सेन्सर परतीच्या (घरातली हवा मशीनकडे नेणाऱ्या) डक्टमध्ये, म्हणजे अख्ख्या घराची सरासरी दाखवतो, तो ६५० म्हणे तेव्हा उशाशी ११००. दार बंद केलं की हवेला जायला वाटच नव्हती! सुताराने दार खालून दीड सेंटीमीटर कापलं आणि आकडा ८५० वर आला.

फिल्टरची किंमत मशीनच्या किंमतीआधी विचारा, आणि ते दुसऱ्या कंपनीचे बसतात का तेही. सहा महिने चालतात म्हणे, आमचे रस्त्यामुळे तीनच. पहिल्यांदा काढला तेव्हा पांढऱ्या फिल्टरचा काळपट नमदा झालेला आणि कडेला मेलेल्या डासांची रांग. जाड जाळी व्हॅक्यूम करून परत लावता येते, पण आतला एफ७ (बारीक धुळीचा फिल्टर) धुवायचा नाही, मी धुतला आणि वाया घालवला.

दिवसभर खिडक्या उघड्या ठेवता येत असतील तर हे मशीन घेऊच नका. भाड्याच्या घरातही नको. एकाच खोलीचा प्रश्न असेल तर भिंतीत एक भोक पाडून बसणारं छोटं युनिट मिळतं, आत गारवा किंवा ऊब धरून ठेवणारा सिरॅमिकचा ठोकळा, दर मिनिटभराने हवेची दिशा बदलतं. अभ्यासाच्या खोलीत आम्ही तेच लावलंय, मस्त चाललंय, पण झोप सावध असेल तर दर वेळी दिशा बदलताना जाग येईल, आणि त्या भोकातून रस्त्याचा आवाजही येतो.

मशीनला पाचपैकी साडेतीन, पहिल्या इन्स्टॉलरला शून्य. आईच्या खोलीची खिडकी मागच्या बाजूला आहे, तिथे नुसता एक चांगला कमी आवाजाचा एक्झॉस्ट फॅन आहे आणि तिथला आकडा आमच्या बेडरूमपेक्षा कमी असतो, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.