ऑप्ट-आउटवर सही करावी का? ब्रिटनमधल्या कॉन्ट्रॅक्टरसाठी दोन्ही बाजू

ब्रिटनमध्ये स्वतःची लिमिटेड कंपनी काढून एजन्सीमार्फत काम घेत असाल, तर कराराच्या कागदांत बहुतेक वेळा एक छोटा फॉर्म येतो, तोच ऑप्ट-आउट, म्हणजे नियमांबाहेर पडण्याची नोटीस. २००३ चे कंडक्ट रेग्युलेशन्स, म्हणजे एजन्सींनी कसं वागावं याचे नियम, आम्हाला लागू नकोत, असं त्यावर तुमच्या कंपनीनं आणि तुम्ही स्वतः, दोघांनी मान्य करायचं असतं. माझं मत स्पष्ट आहे: ठोस कारण नसेल तर सही करू नका.

सगळ्यात मोठा फरक पैशांचा. नियमांच्या आत राहिलात तर क्लायंटनं एजन्सीला पैसे दिले नाहीत या कारणावरून एजन्सी तुमचं बिल अडवू शकत नाही. टाइमशीटवर सही नसली तरी नाही. किती तास काम झालं याची खात्री करायला तिला वाजवी वेळ मिळतो, एवढंच. बाहेर पडलात की फक्त करार उरतो. त्यात 'क्लायंटचे पैसे आल्यावरच' असं कलम असेल आणि क्लायंट बुडाला, तर फटका तुम्हाला. उशिरा मिळालेल्या पैशांवर १९९८ च्या कायद्यानं व्याज मागता येतं, पण पैसे देय कधी होतात हेच करारानं ठरवलेलं असतं.

दुसरा मुद्दा त्याच क्लायंटकडे थेट जाण्याचा. आत असाल तर एजन्सीला क्लायंटकडून ट्रान्सफर फी (तुम्हाला थेट घेतल्याबद्दलचे पैसे) मागायला मुदत आहे: काम संपल्यापासून ८ आठवडे किंवा सुरू झाल्यापासून १४ आठवडे, यातलं जे नंतर येईल ते. बाहेर असाल तर ही मर्यादा नाही. मग करारात थेट जाण्यावरची बंदी किती महिन्यांची आहे, ते नीट वाचा.

ऑप्ट-आउटची जमेची बाजू छोटी आहे. ओळख आणि पात्रतेची कायद्यानं घातलेली तपासणी टळते, काम लवकर सुरू होऊ शकतं. वकिलाकडून करार घासूनपुसून घेणाऱ्या, दर स्वतः ठरवणाऱ्या अनुभवी माणसाला ते चालेल. पुण्याहून येऊन लंडनमध्ये पहिलंच कॉन्ट्रॅक्ट घेणाऱ्यानं मात्र त्या मोहात पडू नये.

'सही केली की आयआर३५ मधून सुटाल' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आयआर३५ म्हणजे स्वतःच्या कंपनीमार्फत, पण नोकरासारखं काम करणाऱ्यांवर नोकरासारखा कर लावणारा नियम. करासाठी प्रत्यक्ष काम कसं चालतं तेच पाहिलं जातं. २०१० चे एजन्सी वर्कर्स रेग्युलेशन्सही (एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांच्या हक्कांचे नियम) वेगळे आहेत, या फॉर्मनं त्यातून बाहेर पडता येत नाही. लहान मुलं किंवा असहाय व्यक्तींसोबतच्या कामाला तर ऑप्ट-आउट चालतच नाही.

सही केली नाही तर काम देणार नाही, अशी अट एजन्सीला घालता येत नाही. तशी अट घातली तर ती लेखी मागा. वेळेकडेही लक्ष ठेवा: ऑप्ट-आउटची नोटीस क्लायंटशी गाठ घालून देण्याआधी किंवा कामावर पाठवण्याआधी द्यावी लागते. पुढे मन बदललं तर ऑप्ट-आउट मागे घेता येतो, पण त्या जागेवरचं काम थांबेपर्यंत तो बदल लागू होत नाही.