ई जीवनसत्त्व: ‘डी’ घ्यावं की ‘डीएल’?

डॉक्टरांनी ई जीवनसत्त्व लिहून दिलं की औषधाच्या दुकानात दोन तऱ्हा समोर येतात. एक वनस्पती तेलातून मिळवलेलं डी-अल्फा टोकोफेरॉल, दुसरं कारखान्यात बनवलेलं डीएल-अल्फा. मी वर्षभर डीएल घेतलं, आता डी घेतो.

आतड्याला या दोघांत फारसा फरक दिसत नाही. पित्त आणि जेवणातली स्निग्धता मिळाली की दोन्ही शोषली जातात. पाकिटावर ‘ॲसिटेट’ (ई टिकावं म्हणून त्याला जोडलेला भाग) दिसलं तरी बिचकू नका, स्वादुपिंडाचा रस ते सोडवतो. खरी निवड होते यकृतात. तिथलं एक प्रथिन रेणूची घडण ओळखून अल्फा टोकोफेरॉल रक्तात परत पाठवतं. डीएलमध्ये आठ घडणींचे रेणू एकत्र असतात. त्यांतले निम्मे या प्रथिनाला फारसे धरवत नाहीत, आणि शरीर ते लवकर बाहेर टाकतं.

मला खरा वैताग आला तो ४०० या आकड्याचा. दोन्ही पाकिटांवर ठळक ४००. एकाच्या पुढे मिग्रॅ, दुसऱ्याच्या पुढे आययू (आंतरराष्ट्रीय एकक), तेही इतक्या बारीक अक्षरांत की मी दुकानाबाहेर उन्हात जाऊन वाचलं. आययू हे माप उंदरांच्या माद्यांचे गर्भ टिकतात का, यावरून ठरलेलं. त्यात डीची ताकद डीएलच्या १.३६ पट धरली होती. २००० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी माणसासाठी डीएलचा निम्माच भाग हिशेबात घ्यायचं ठरवलं. त्यानुसार डीचे ४०० आययू म्हणजे २६८ मिग्रॅ, डीएलचे ४०० आययू म्हणजे फक्त १८०. वर्षभर मी दोन्ही एकच समजत होतो, याचं फार वाईट वाटलं.

डीएल स्वस्त आहे आणि कुठेही मिळतं. डॉक्टरांनी तेच मोजून दिलं असेल तर परस्पर बदलू नये. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर कुठलंही जास्त मात्रेचं ई विचारल्याशिवाय नको. पण निवड तुमच्यावर सोडली असेल, तर माझा कल डीकडे. बदाम, सूर्यफूल, करडईचं तेल यांतलं अल्फाही याच घडणीचं असतं.

सकाळी कोऱ्या चहाबरोबर घेत होतो तेव्हा दुपारपर्यंत तेलकट ढेकर यायचे, दोन्हींनी. आता कॅप्सूल वरणभात-तुपानंतरच घेतो.