तपकीर गल्लीतलं मिक्सर दुरुस्तीचं दुकान

पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत आतल्या अंगाला हे छोटं दुकान आहे. माझ्या चटणीच्या भांड्यातून खाली पाणी गळत होतं. ऑनलाइन मागवलेलं नवं भांडं कपलरवर (मोटरवरच्या, पातं फिरवणाऱ्या चकतीवर) बसेना, म्हणून इथे गेले. काकांनी पातं बोटानं फिरवलं आणि लगेच म्हणाले, "ताई, बुश गेलाय. भांडं उत्तम आहे, टाकू नका." बुश म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी. ती आणि रबरी रिंग बदलली, पाणी भरून भांडं वर्तमानपत्रावर ठेवलं, कागद कोरडा राहिला तेव्हाच पैसे घेतले. गळतं पाणी मोटरमध्ये उतरलं की मोटर जळते, हेही समजावलं.

पूर्वी इथे नव्या मिक्सरची रांग असायची. आता फळ्या रिकाम्या आहेत. ऑनलाइन सेलच्या भावात यांना घाऊक मालही मिळत नाही. गिऱ्हाइकं तासभर मिक्सर चालवून बघायची, मॉडेलचा फोटो काढायची आणि घरी जाऊन मोबाइलवर मागवायची. हे मला अजिबात पटत नाही. आता दुकान फक्त दुरुस्तीवर तगलंय, हाताखाली माणूस नाही, म्हणून थोडं थांबावं लागतं. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, रिक्षानं जा. भांडं नेताना झाकणही न्या, त्याची रिंगसुद्धा ते बसवून देतात.