रायझन ५६००जी वाला असेंबल पीसी, वर्षभराच्या वापरानंतर: निळी स्क्रीन वेगळी आणि फटकन बंद पडणं वेगळं

पीसी घेऊन आता वर्ष होत आलं. एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, डीडीआर४ रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि आधीची २ टीबी हार्ड डिस्क. काम माझं लग्नाच्या अल्बमचं डिझायनिंग आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग, सांगलीत घरूनच करते. मशीन आज उत्तम चालतंय आणि या किमतीत प्रोसेसर मला खूपच आवडला. पण मधले काही महिने या पीसीने जे दाखवलं ते सविस्तर लिहिते, कारण असा त्रास सुरू झाला की लोक अंदाजाने पार्ट बदलत बसतात आणि पैसे जातात.

सुरुवातीला तक्रारीला जागाच नव्हती. मग सीझनच्या आधी १६ जीबी रॅम ३२ केली, म्हणजे त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलच्या अजून दोन स्टिक लावल्या, आणि एक ग्राफिक्स कार्ड टाकलं. काही आठवड्यांत सुरू झालं, कधी फोटोशॉप आपोआप बंद, कधी ब्राउझरची टॅब मेली, कधी निळी स्क्रीन आणि कधी काही म्हणजे काहीच न सांगता डायरेक्ट रिस्टार्ट. ज्याला विचारावं त्याचं उत्तर तयार, विंडोज नवीन टाक, रॅम खोडरबरने पुसून लाव, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदल. रॅम पुसणं हा खरंच चांगला उपाय आहे, कॉन्टॅक्टवर थर बसलेला असतो (प्लग काढूनच करा). पण विंडोज टाकायला घेतलं तर सेटअपच मध्ये थांबून फाइल करप्ट आहे म्हणायला लागला, आणि तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर व्यवस्थित चालला. इथे सॉफ्टवेअरचा विषय माझ्यासाठी संपला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विंडोज निळी स्क्रीन आली की स्वतःहून रिस्टार्ट करतं, त्यामुळे तुम्ही चहा आणायला गेलात तर परत येऊन दिसतं फक्त लॉगिन, आणि आपण म्हणतो पीसी रिस्टार्ट झाला. सिस्टीम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' ची टिक काढा. ती काढल्यावर मला पहिल्यांदा कळलं की माझ्याकडे एक नाही दोन वेगळे आजार आहेत. काही वेळा निळी स्क्रीन येऊन तशीच थांबायची, आणि काही वेळा स्क्रीन वगैरे काही नाही, वीज तोडल्यासारखं मशीन खाली बसायचं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवहीच ती) दोन्हीला कर्नल-पॉवर ४१ दिसतं आणि लोक तेच बघून एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय बदलतात, पण ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेककोड, म्हणजे क्रॅशचा कोड बघा. तिथे आकडा असेल तर विंडोज क्रॅश झालं आणि बहुतेक मिनीडंप फोल्डरमध्ये त्या क्रॅशची फाइल पण पडलेली असते. शून्य असेल तर विंडोजला क्रॅश नोंदवायला वेळच मिळालेला नाही, मग एसएमपीएस, वायरिंग, बोर्ड, तापमान या बाजूने जायचं.

निळ्या स्क्रीनवर माझा कोड दरवेळी वेगळा, मेमरी मॅनेजमेंट, मग आयआरक्यूएल वाला, मग अजून काहीतरी. एकच कोड आणि एकाच ड्रायव्हरचं नाव परत परत येत असेल तर ड्रायव्हरवर संशय घ्या, पण कोड असा फिरता असेल तर आधी रॅम. विंडोजच्या स्वतःच्या मेमरी टेस्टने सगळं ठीक सांगितलं होतं, तिच्यावर थांबू नका. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, सहाव्या व्हर्जनपासून यूईएफआयवर (नव्या प्रकारच्या बायोसवर) पण चालतं. रात्रभर लावून ठेवा. एकसुद्धा एरर चालत नाही, "दोनच एरर आहेत" असं म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ही.

एरर आले म्हणून लगेच स्टिक खराब असं पण नाही हं. माझ्या स्टिक १.३५ व्होल्टवर एक्सएमपी लावून ३२०० ला चालतात, आणि एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायचं बायोसमधलं तयार सेटिंग) हे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच आहे. शिवाय या पिढीच्या रायझनला दोन स्टिकवर ३२०० अधिकृत आहे पण चार लावल्या की सिंगल रँकला (स्टिकवर चिपचा एकच गट) २९३३ आणि ड्युअल रँकला (दोन गट) २६६७. म्हणून आधी एक्सएमपी बंद करून चारही तपासल्या, तरी एरर. मग एक-एक स्टिक, तोच स्लॉट, तीच टेस्ट. नवीन दोनातली एक स्टिक एकटीच लावली तरी एरर देत होती, ते पण रॅममधल्या त्याच पत्त्याच्या आसपास. तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली तरी तेच, म्हणजे स्लॉट निर्दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलणं कंटाळवाणं आहे पण त्याशिवाय खात्री मिळत नाही.

आणि इथे अल्बमवाल्यांनी, अकाउंटवाल्यांनी, सगळ्यांनीच नीट ऐका. खराब रॅमचा खरा धोका निळी स्क्रीन नाहीच, ती तर निदान दिसते. कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो कॉपी होताना ते रॅममधूनच जातात, तिथे एक बिट पालटला की जेपीजी उघडतो पण अर्ध्यापासून खाली रंग बदललेला किंवा पट्टा सरकलेला, आणि झिप असेल तर उघडताना एरर येऊ शकतो. साध्या रॅममध्ये ही चूक पकडणारं काही नसतं, ती सोय ईसीसी रॅममध्ये असते. कोणाच्या तरी लग्नाचे फोटो आहेत ते, परत काढता येत नाहीत! त्यामुळे एरर दिसल्या दिसल्या कॉपी, बॅकअप, फाइल हलवणं सगळं थांबवा. मी कॅमेऱ्याची कार्डं पुसलेली नव्हती म्हणून त्या काळातला सगळा डेटा परत घेतला, आणि सेव्हन-झिपच्या राइट क्लिकमध्ये सीआरसी-एसएचए आहे त्याने प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, काढून जुन्या आणि नवीन फाइल जुळवल्या. काही जुळल्या नाहीत. अजूनही मोठ्या कामाचा बॅकअप घेतला की हॅश जुळवल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करत नाही.

रॅम बदलून आली, निळी स्क्रीन बंद झाली, मेमटेस्ट स्वच्छ. पण फटकन बंद पडणं सुरूच. ते बहुतेक व्हिडिओ एक्सपोर्ट सुरू करताना व्हायचं, म्हणजे लोड एकदम वर जातो तेव्हा. तापमान ठीक होतं. कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस होता, ४५० वॉट लिहिलेला, ग्राफिक्स कार्ड येईपर्यंत त्याच्यावर ताण असा कधी आलाच नव्हता. १२ व्होल्टच्या लाइनला ५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. ओळखीच्या दुरुस्तीवाल्या दादांनी लोड देऊन मल्टिमीटर लावला तर आकडा ११.४ च्या खाली उतरत होता. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर निर्णय घेऊ नका, बोर्डाचे सेन्सर चुकीचं दाखवू शकतात. मीटरवर ठीक दिसलं म्हणून पण एसएमपीएस सुटत नाही, कारण क्षणभराची घसरण आणि रिपल (व्होल्टेजमधली बारीक, वेगवान थरथर) साध्या मीटरला पकडता येत नाही, तिथे दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणं हीच टेस्ट. आणि कृपा करून एसएमपीएस उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. चांगला ६५० वॉटचा लावला, त्या दिवसापासून एकदाही बंद नाही. घेताना फक्त ८० प्लसचा स्टिकर बघू नका, तो कार्यक्षमता सांगतो, आतल्या प्रोटेक्शनचं काही सांगत नाही.

प्रोसेसरवर संशय सगळ्यात शेवटी घ्या, तो सहसा बिघडत नाही. अपवाद म्हणजे इंटेलची तेरावी-चौदावी पिढी, तिथल्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येते हे कंपनीनेच २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. तुमच्याकडे तो असेल तर आधी बायोस अपडेट करा.

सध्या चारही स्टिक २९३३ वर ठेवल्यात, ३२०० चा मोह नाही, अल्बमच्या कामात फरक जाणवत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट सारखी येते-जाते तेव्हाही यूपीएसवर मशीन टिकलं. प्रोसेसर आणि बोर्डला माझ्याकडून पूर्ण मार्क. रॅमच्या अनेक ब्रँडना लाइफटाइम वॉरंटी असते, बिलाचा फोटो काढून ठेवा कारण थर्मल कागदावरची शाई उडते, मेमटेस्टच्या लाल स्क्रीनचा पण फोटो काढा, आणि जोडीचा किट असेल तर कंपनी बऱ्याचदा दोन्ही स्टिक एकत्र मागते, तोपर्यंत काम चालवायला दुसरी रॅम हाताशी ठेवा.