सेंटर स्पीकरपायी नऊ महिने: ५.१ सेटचा वापरानंतरचा अनुभव

परवा आमच्या होम थिएटरचा सबवूफर, म्हणजे बास (खालच्या पट्टीतला जाड आवाज) वाजवणारा डबा, सर्व्हिस सेंटरमधून परत आला, ३७ दिवसांनी. काल रविवारचा अख्खा दिवस घालवून सगळं पुन्हा नीट लावलं, म्हणून आज बसून लिहितोय. सेट दिवाळीत घेतलाय, म्हणजे नऊ महिने झाले. एव्हीआर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) वेगळा, स्पीकर पॅकेज वेगळं: पुढे डावी-उजवीकडे दोन बुकशेल्फ स्पीकर, मध्ये सेंटर, मागच्या बाजूला दोन छोटे सराउंड आणि ८ इंची सब, म्हणजे सबवूफर. पाच स्पीकर आणि एक सब, म्हणून ५.१. सगळं धरून ७१ हजार गेले. वॅट आणि चॅनेल तुम्हाला कुठेही वाचायला मिळतील, ते इथे लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या सेटला लागू होतं. मला बोलायचंय ते माणसांच्या बोलण्याच्या आवाजाबद्दल.

पहिल्याच आठवड्यात आई म्हणाली, "अरे, धडामधुडूम सगळं ऐकू येतं रे, पण माणसं काय बोलतायत तेच कळत नाही." आईचे कान चांगले आहेत, आतल्या खोलीतून दुधाचं पातेलं उतू जातंय ते तिला कळतं. मी सेंटरची लेव्हल ३ डीबी (आवाजाच्या पातळीचं माप) वाढवली, मग ५ केली. त्याने आवाज मोठा झाला पण स्पष्ट काही झाला नाही, आणि संवादासाठी व्हॉल्यूम वाढवला की पुढच्या मारामारीला रिमोट शोधायची धावपळ. शेवटी सबटायटल लावून बघायला लागलो. ७१ हजार घालून आई चष्मा लावून खालच्या ओळी वाचतेय, हे मला खरंच फार लागलं.

५.१ मध्ये बोलणं बहुतेक सगळं सेंटरमधूनच येतं, त्यामुळे माझा सगळा राग सेंटरवर. डीलरला फोन केला तर तो म्हणे मोठा सेंटर घ्या, १८,५०० चा. जानेवारीत मी जवळजवळ पैसे भरलेच होते.

आमचं टीव्ही युनिट सुताराकडून करून घेतलेलं आहे, त्यात टीव्हीखाली लांबट कप्पा आहे, १६ इंच खोल. सेंटर त्या कप्प्यात पार आत सरकवलेला, कारण पुढे सेटटॉप बॉक्स आणि आईची उदबत्तीची डबी. म्हणजे स्पीकर खोक्यात तोंड घालून बोलत होता, आणि तोही जमिनीपासून दीड फुटावरून, थेट आपल्या गुडघ्यांकडे तोंड करून. सनमायकाच्या वरच्या-खालच्या दोन्ही बाजूंवर आपटून आवाज बाहेर येणार, मग 'स' आणि 'श' कसे कळणार?

पैसे भरायच्या आदल्या रात्री सहज म्हणून सेंटर पुढे ओढला, इतका की त्याची जाळी कप्प्याच्या कडेच्या अर्धा सेंटिमीटर बाहेर आली. पुढच्या बाजूला खाली दाराला लावायचे दोन रबरी स्टॉपर सरकवले, ३० रुपयाला एक. तोंड किती वर करायचं ते कळावं म्हणून आईचा हातआरसा चिकटपट्टीने स्पीकरच्या तोंडावर सपाट चिकटवला आणि सोफ्यावर माझ्या नेहमीच्या जागी बसलो. आरशात आधी माझं पोट दिसलं, मग स्टॉपर थोडे आत ढकलल्यावर गळा, आणखी थोडं ढकलल्यावर डोळे. डोळे दिसले तिथे थांबलो. मागे कप्प्यात जी पोकळी राहिली तिथे आजीची फाटकी गोधडी कोंबली. त्या रात्री बातम्या लावल्या आणि आई आतून बाहेर येऊन उभी राहिली. १८,५०० वाचले.

याच सुमारास अजून एक गोष्ट सापडली. एव्हीआरच्या डिस्प्लेवर ओटीटी चालू असतानाही सतत पीसीएम (साधा डिजिटल आवाज) दिसायचं आणि मी ते दोन महिने नुसतं बघत होतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएमवर होतं, म्हणजे टीव्ही सगळं दोन चॅनेलचं करून एचडीएमआय एआरसीमधून, म्हणजे टीव्हीचा आवाज एव्हीआरकडे नेणाऱ्या जोडणीतून, पाठवत होता. ते पास-थ्रू (आलेला आवाज जसाच्या तसा पुढे) केलं आणि डॉल्बी डिजिटल प्लस, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा वेगळा आवाज असलेला प्रकार, दिसायला लागलं, मागचे स्पीकर पहिल्यांदा स्वतःचं काही बोलले. ओटीटीसाठी साधं एआरसी पुरतं. ईएआरसी, म्हणजे त्याचीच जास्त क्षमतेची नवी आवृत्ती, लागतं ते ब्ल्यू-रेच्या ट्रूएचडीसारख्या आवाजासाठी. तेवढ्यासाठी टीव्ही बदलू नका, माझा एक मित्र बदलायला निघाला होता.

आता मांडणी. आमचा हॉल १५ बाय १०, टीव्ही १५ फुटी भिंतीवर, समोर सोफा. उजवीकडे बाल्कनीची काच, डावीकडे भिंतच नाही, सरळ पॅसेज आणि स्वयंपाकघर. पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासून ७ फूट आणि कान साडेसात फुटांवर, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे २५ अंश. डॉल्बीच्या आकृतीत २२ ते ३० सांगितलेत, त्यात बसलं. सराउंड ११० ते १२० अंशांवर हवेत, म्हणजे कानाच्या थोडे मागे, पण सोफा भिंतीला टेकवला की कानाच्या मागे जागाच उरत नाही, आणि आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक हॉलमध्ये सोफा भिंतीलाच असतो. मी सोफा १४ इंच पुढे ओढला. आईला आवडलं नाही, कारण मागे धूळ साचते. पण त्या १४ इंचांनी दोन कामं केली, दुसरं पुढे सांगतो.

उजवा सराउंड काचेशेजारच्या भिंतीवर कानापेक्षा दीड फूट वर ठोकला. डाव्याला भिंत नाही म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून एक इंची लोखंडी पाइपला खाली दहा इंची प्लेट वेल्ड करून घेतली, रंगासकट ६५० रुपये. ऑनलाइन स्टँडची जोडी ४,००० च्या पुढे होती. पहिल्या आठवड्यात मावशींचा पोछा मारताना वायरीत पाय अडकला आणि स्टँड हलला. पडला नाही, पण मला माझ्या स्पीकरपेक्षा त्यांच्या पायाची काळजी वाटली. त्याच दिवशी वायर पीव्हीसी केसिंग पट्टीतून स्कर्टिंगच्या वरून फिरवली.

वायरबद्दल एकच सांगतो. दुकानात मीटरला २०० च्या वरच्या वायरी दाखवतात, त्यांची गरज नाही. १.५ स्क्वेअर एमएम तांब्याची साधी दोन कोअरची घ्या. १२ मीटर लांब नेली तरी जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण ०.३ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरला त्याने काही बिघडत नाही. फक्त ती तांब्याचीच आहे ना ते बघा. मी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या पहिल्या बंडलची तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी निघाली, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. परत जाऊन बदलून आणली. तेव्हापासून दुकानात उभा राहूनच खरवडून बघतो.

कॅलिब्रेशन म्हणजे एव्हीआर माइकने खोलीतला आवाज मोजून स्पीकर स्वतः जुळवतो ते. त्याचा माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला ठेवा, पंखा बंद करा आणि स्वयंपाकघरात कुकर लागलेला नाही ना ते बघा. आमच्याकडे माइक सहाव्या जागी ठेवून मोजताना शिट्टी झाली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

इथपर्यंत मी खूश होतो, आणि मार्चमध्ये लिहिलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते. तरी एक गोष्ट खुपत होती. बायकांचं बोलणं आता स्वच्छ कळत होतं, पण भारी आवाजाचा पुरुष बोलला की घुमल्यासारखं व्हायचं, जसं रिकाम्या पिंपात बोलतात. मी पुन्हा सेंटरच्या मागे लागलो. गोधडी काढली, घातली, स्टॉपर बदलले.

मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात लाइट दोनदा गेली-आली आणि सब बंद पडला. टेक्निशियन आठव्या दिवशी आला, सब उघडलाही नाही आणि जॉबशीटवर लिहिलं: ओलाव्यामुळे बोर्ड खराब, वॉरंटीत बसत नाही, खर्च ६,८०० रुपये. मी सही केली नाही. म्हटलं, ओलावा कुठे आहे ते माझ्यासमोर उघडून दाखवा. उघडला तर बोर्ड कोरडा ठणठणीत, फ्यूज उडालेला आणि एक कपॅसिटर डोक्यावर फुगलेला. फोटो काढले. तरी सर्व्हिस सेंटर आठवडाभर तेच म्हणत राहिलं. शेवटी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बिल, जॉबशीट आणि ते फोटो जोडले. नंतर बोर्ड वॉरंटीत बदलून मिळाला. माझे ६,८०० वाचले, पण ३७ दिवस गेले, आणि ज्या माणसाला फोटो काढायचं सुचलं नसतं त्याने पैसे भरले असते, ह्याचा मला आजही राग आहे.

पण त्या ३७ दिवसांतच मला खरं कारण कळलं. एव्हीआरमध्ये सब 'नाही' केला, आणि त्याच संध्याकाळी आई म्हणाली, "आज किती छान कळतंय." भारी आवाजाचा पुरुषसुद्धा अगदी समोर बसून बोलल्यासारखा! सेंटर तोच, स्टॉपर तेच. म्हणजे सहा महिने मी ज्याला दोष देत होतो त्याचा उरलेला दोष नव्हताच.

झालं होतं असं. कॅलिब्रेशनने सेंटरचा क्रॉसओव्हर १२० हर्ट्झ ठरवला होता (हर्ट्झचा आकडा लहान तितका आवाज खालच्या पट्टीतला), म्हणजे १२० च्या खालचं सगळं सबकडे. पुरुषाच्या आवाजाची मूळ पट्टी ८५ हर्ट्झच्या आसपास सुरू होते, त्यामुळे भारी आवाजाचा खालचा भाग सबमधून यायचा, आणि माझा सब बाल्कनीच्या कोपऱ्यात. कोपऱ्यात बास सगळ्यात जास्त फुगतो. माणूस टीव्हीत आणि त्याची छाती बाल्कनीत! सब बंद झाल्यावर तो खालचा भाग पुढच्या दोन बुकशेल्फकडे गेला, टीव्हीच्या दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून आवाज परत माणसाच्या तोंडाशी आला.

काल सब पुन्हा लावताना आधी त्याला सोफ्यावर माझ्या जागी बसवला, बासचं एक गाणं लावलं आणि मी जमिनीवर रांगत भिंतीकडेने फिरलो. जिथे बास सारखा आणि घट्ट ऐकू आला, घुमला नाही, ती सबची जागा. कोपऱ्यात नुसती घरघर. टीव्ही युनिटच्या उजवीकडे, कोपऱ्यापासून साडेतीन फुटांवर बरोबर लागलं. क्रॉसओव्हर हाताने ८० केला. सेंटरला साडेचार इंची दोन ड्रायव्हर (आवाज काढणाऱ्या आतल्या चकत्या) आहेत, घरच्या व्हॉल्यूमला त्याला ते झेपतं. फार छोटे स्पीकर असतील तर ८० करू नका, आवाज फाटेल. आणि १४ इंचांचं दुसरं काम हे: १० फूट अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपासचा बास भिंतींना चिकटून साचतो, डोकं भिंतीपासून सुटलं की तो तेवढा अंगावर येत नाही. आम्ही ओढलेला सोफा परत मागे नेणार नाही, हे आईलाही पटलंय, झाडू मागे जाईल एवढी जागा आहेच.

सबखाली दोन इंची रबर ठेवलंय, खालच्या मजल्यावरच्या काकूंना आज विचारून आलो. म्हणाल्या, भांड्यांची मांडणी आता थरथरत नाही. सेंटरची ५ डीबी वाढवलेली लेव्हल १ वर आणली, त्यापेक्षा जास्त लागत नाही. सबटायटल बंद आहेत.

दोन गोष्टी राहिल्यात. डाव्या सराउंडचा आवाज पॅसेजमध्ये निघून जातो, तिथे जाड पडदा लावायचाय, मापं घेतलीत. आणि रबरी स्टॉपर सनमायकावरून रोज थोडे सरकतात, आठवड्याने आरशात पुन्हा गळा दिसायला लागतो. त्यांच्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून बघतो.