उपकेंद्रातील वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान पदवी: चार वर्षांनंतरचे मत

वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदवी मी विद्यापीठाच्या मुख्य संकुलात नव्हे, तर मोठ्या शहरापासून दूर असलेल्या त्याच्या उपकेंद्रात पूर्ण केली. मुख्य संकुलात नंबर लागला नाही म्हणून मी तेथे गेले, हे आधीच सांगितलेले बरे. उपकेंद्र म्हणजे दुय्यम शिक्षण, असे त्या वेळी अनेकांनी ऐकवले होते. आज कोणी विचारले तर मी इतकेच सांगते की, तेथे हात उत्तम बसतो, पण डोळ्यांखालून जायला हवे तितके जात नाही.

आमच्या तुकडीत अठ्ठावीस विद्यार्थी होते आणि प्रात्यक्षिकाला चौदा-चौदांचे दोन गट केले जात, त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र सूक्ष्मदर्शक मिळत असे. ही बाब माहितीपत्रकात किरकोळ वाटते. प्रत्यक्षात सगळे शिक्षण तिच्यावर उभे असते. रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरवलेला पातळ थर, काढायचा म्हणजे काचपट्टीच्या एका टोकाशी लहानसा थेंब ठेवायचा, दुसरी काचपट्टी 30 ते 45 अंशांत टेकवून थेंबापर्यंत मागे आणायची, रक्त तिच्या कडेने पसरू द्यायचे आणि मग न थांबता, न दाबता, एका दमात पुढे न्यायची. वाचून हे दोन मिनिटांत कळते, पण माझे पहिले तीस-चाळीस स्मिअर एकतर जाड झाले किंवा मध्येच तुटले. बाई शेजारी उभ्या राहून माझे कोपर टेबलापासून किंचित उचलायच्या आणि ‘जोर मनगटात नको’ एवढेच म्हणायच्या. रक्त दाट असेल तर कोन कमी करायचा, रक्तक्षय असलेल्या रुग्णाचे पातळ रक्त असेल तर वाढवायचा, हे मी पुस्तकातून नव्हे, तर फसलेल्या काचपट्ट्यांवरून शिकले. गर्दीच्या वर्गात एवढे स्मिअर फसवण्याची मुभा कोणालाही मिळाली नसती.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे. दुसऱ्या वर्षी सरांनी एक अहवाल आमच्यासमोर ठेवला: पोटॅशियम 8.9, कॅल्शियम 4.1, आणि रुग्ण मात्र व्यवस्थित चालतो-बोलतो आहे. हे आकडे खरे असते तर तो माणूस अत्यवस्थ असायला हवा होता. तासभर आम्ही मूत्रपिंडाच्या विकारांची नावे घेत राहिलो. शेवटी सरांनी जांभळ्या झाकणाची नळी हातात धरली आणि तिच्यात काय असते, असे विचारले. त्या नळीतील ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारे रसायन, हा बहुधा पोटॅशियमचा क्षार असतो आणि तो कॅल्शियम बांधून ठेवतो. कोणीतरी त्या नळीतले रक्त लाल झाकणाच्या नळीत ओतले होते. एका नळीतले रसायन दुसरीत जाऊ नये म्हणून रक्त घेताना नळ्यांचा क्रम का पाळायचा, आधी निळी, मग लाल, मग हिरवी, त्यानंतर जांभळी आणि शेवटी करडी, हे त्या दिवसानंतर पाठ करावे लागले नाही.

उणिवाही स्पष्टपणे मांडायला हव्यात. काही विषयांची व्याख्याने मुख्य संकुलातून पडद्यावर दाखवली जात. आवाज तुटायचा आणि शंका विचारायची सोय नावापुरतीच होती. कार्यालयीन कामे मुख्य संकुलाच्या सहीशिवाय पुढे सरकत नसत. तिसऱ्या वर्षी तपासणीचे स्वयंचलित यंत्र बिघडले आणि दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ येईपर्यंत सहा आठवडे ते बंद राहिले. ही तक्रार रास्तच आहे, तरी त्या सहा आठवड्यांत आम्ही पिपेट आणि कलरीमीटरवर (रंगाच्या गडदपणावरून प्रमाण मोजणारे उपकरण) ग्लुकोज मोजले, तपासणीच्या अचूकतेवर लक्ष ठेवणारे लेव्ही-जेनिंग्ज तक्ते आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढले आणि निकाल स्वीकारायचे की रोखायचे हे ठरवणारे, 1981 साली मांडलेले वेस्टगार्डचे नियम त्यांवर लावून पाहिले. कंट्रोलचे, म्हणजे आधीच मूल्य माहीत असलेल्या नमुन्याचे, एखादे मूल्य सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या बाहेर गेले किंवा लागोपाठ दोन मूल्ये एकाच बाजूला दोनच्या बाहेर गेली, तर त्या फेरीचे निकाल का रोखायचे, हे यंत्राच्या पडद्यावर लाल खूण पाहून इतके नीट समजले नसते.

सर्वांत मोठी उणीव निराळीच आहे. संलग्न रुग्णालय लहान असल्याने येणारे नमुनेही त्याच त्या प्रकारचे असत. रक्ताच्या कर्करोगाच्या काचपट्ट्या आम्ही पेटीतल्या, जुन्या, रंग उडालेल्या पाहिल्या. अस्थिमज्जेचा ताजा नमुना तीन वर्षांत एकदाही आला नाही आणि फ्लो सायटोमेट्री, म्हणजे लेसरच्या प्रकाशात एकेक पेशी तपासण्याची पद्धत, चित्रांतच राहिली. विकृत पेशी ओळखायला नजर तयार व्हावी लागते, आणि शिक्षक कितीही तळमळीचे असले तरी न आलेला नमुना ते दाखवू शकत नाहीत.

शेवटच्या वर्षाच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात मात्र लहान रुग्णालयाचा फायदाच झाला, कारण तेथे विद्यार्थ्याला कोपऱ्यात उभे राहून बघ्याची भूमिका घ्यावी लागत नाही. एका रात्रपाळीत पोटॅशियम 6.8 आले. मी आधी नळी उजेडात धरून सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, गुलाबी तर नाही ना, हे पाहिले, कारण तांबड्या पेशी फुटल्या तरी पोटॅशियम वाढलेले दिसते. सीरम स्वच्छ पिवळे होते. तपासणी पुन्हा केली, वरिष्ठांना दाखवले आणि त्यांच्या देखरेखीखाली वॉर्डात फोन केला. परिचारिकेने आकडा परत वाचून दाखवल्यावर मी वेळ नोंदवली. तोवर त्या अहवालाखाली एक माणूस आहे, याची जाणीव मला इतकी कधीच झाली नव्हती.

प्रवेशाचा विचार करणाऱ्यांनी इमारत पाहण्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात: किती विद्यार्थ्यांमागे एक सूक्ष्मदर्शक आहे, शेवटच्या वर्षी रात्रपाळी मिळते का, आणि मोठ्या रुग्णालयात किती आठवडे पाठवतात. आम्हाला मुख्य संकुलाच्या रुग्णालयात चार आठवडे मिळाले. अस्थिमज्जेच्या काचपट्ट्या ओळखीच्या वाटू लागल्या तेव्हा परतायची वेळ झाली होती. ते बारा आठवडे करावेत, अशी एकच मागणी आमच्या तुकडीने निघताना लेखी दिली आहे.