भद्रकालीतला सज्जीखार: पापड भारी झाले, पण गाळून घ्या हं

दरवर्षी पाकिटातला पापडखार आणते, यंदा आत्याबाई म्हणाल्या सज्जीखाराचा खडा आण, पाकिटातल्याला ती चव नाही. म्हणून नाशिकच्या भद्रकालीत एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात गेले. नाव लिहीत नाही कारण थोडी तक्रार पण आहे. काकांनी पोत्यातून काळपट राखाडी दगड काढला, हातोडीने फोडला, आतून भोकं भोकं, स्पंजसारखा. पावशेर ५० रुपये. मी म्हटलं काका हा कोळसा देताय का, तर हसले, म्हणे राजस्थानचा माल आहे, झाडाची राख.

आणि खरंच राख आहे ती! तिकडे खारट जमिनीत लाणा नावाची झुडपं उगवतात, मीठ पिऊन जगणारी. ती कापून वाळवतात, खड्ड्यात जाळतात, राख इतकी तापते की वितळून खाली साचते आणि गार झाली की दगड. त्यात मुख्य असतो तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. आपल्या चुलीतल्या लाकडाच्या राखेत पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचा खार जास्त, या झुडपांच्या अंगात मीठच एवढं की राखेत सोडा निघतो. बिकानेरचे पापडवाले याला साजी म्हणतात. पूर्वी साबण, काच, कपडे धुणं सगळं अशा राखेवर चालायचं, स्पेनमध्ये पण अशीच झुडपं जाळायचे. मग १७९१ मध्ये लेब्लां नावाच्या फ्रेंच माणसाने मिठापासून सोडा करायची युक्ती काढली आणि हळूहळू राखेचा धंदा बसला. काकांकडे जवखार पण होता शेजारच्याच बरणीत, पण तो जवाचा, पोटॅशवाला, पापडाला नको, उगाच गोंधळ करू नका.

आता तक्रार. हा खडा तसाच कुटून पिठात घालायचा नसतो हे काकांनी सांगितलंच नाही! पहिला किलोभर उडदाचा उंडा मी तसाच मळला, दाताखाली कचकच, आणि अंदाज चुकून खार जास्त झाला तर पापड तळल्यावर लालसर, वर कडवट. मुलगा म्हणाला आई हे पापड आहेत का औषध. अख्खा दिवस फुकट, हात दुखले ते वेगळंच.

दुसऱ्या वेळी आत्याबाई उभ्या राहिल्या शेजारी. खडा फोडून पाण्यात उकळला, रात्रभर तसाच ठेवला, तळाशी चिखल आणि कोळशाची पूड बसली, वरचं पाणी अलगद निथळून पातळ फडक्यातून गाळलं आणि त्यातच मीठ, हिंग, मिरी घालून पीठ भिजवलं. थोडं थोडं घालायचं, जीभ लावून बघत. उंडा असा ताणला गेला की लाटी फाटतच नाही, आणि तळला की पापड कढईभर फुलला, पांढराशुभ्र.

मालाला ४ स्टार, सांगण्याला १. पार्किंग विसरा, पायी जा. सकाळी ११ च्या आत गेलात तर काका निवांत असतात, तेव्हाच विचारा कसा वापरायचा ते. आणि घरी आणल्यावर घट्ट डब्यात ठेवा, माझा उरलेला खडा नुसत्या पिशवीत राहिला तर आठ दिवसांत ओलसर झाला.